अधिकचे पात्र

मूळ संहितेत नसलेले पात्र रूपांतरात दिसले की आम्हा मराठीच्या अध्यापकांच्या भुवया उंचावतात. जपानी ॲनिमेत, मूळ चित्रकथेत नसलेली दुचाकीस्वारांची एखादी किरकोळ टोळी आली की तिचे चाहतेही असेच कुरकुरतात. माझा आक्षेप वेगळा आहे. पात्र वाढवले याचा नव्हे, कुठले वाढवले याचा.

राळेगणसिद्धीचेच घ्या. शशांक उदापूरकर यांच्या 'अन्ना' (२०१६) या हिंदी चित्रपटात तनिषा मुखर्जी पत्रकाराच्या भूमिकेत आहे. पत्रकार हे पटकथेला फार सोयीचे पात्र. त्याने विचारावे, नायकाने सांगावे. 'सिंहासन'मधला (१९७९) दिगू टिपणीसही पत्रकारच. पण सत्तेचा खेळ पाहता पाहता तो स्वतः उद्ध्वस्त होतो, म्हणून लक्षात राहतो.

राळेगणची खरी सामग्री १९७५ नंतरच्या गावात आहे. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, श्रमदान, पाणलोटाची कामे, बंद झालेल्या दारूभट्ट्या. आणि खांबाला बांधून फटके खाल्लेले दारुडे. गौरवपर लेखनात (आपल्याकडे ते विपुल आहे) हा तपशील बहुधा अर्ध्या वाक्यात उरकतो. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच माणसांसमोर वावरायचे होते. त्याच्या बायकोला सुटल्यासारखे वाटले असेल, की मेल्याहून मेल्यासारखे? की दोन्ही? इतिहासाने त्याचे नाव नोंदलेले नाही. कल्पित पात्राची जागा नेमकी इथे होती, आणि अण्णांविषयीचा आदर राखूनही ते लिहिता आले असते.