सारखं दिसतं, म्हणजे तेच असतं का?

आमच्या धंद्यात "सगळ्या डिव्हाइसवर सारखं चाललं पाहिजे" हे वाक्य दर मीटिंगमध्ये एकदा तरी पडतंच. मग होतं काय, तर टेस्टर दोन फोन आणि एक लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडतो, स्क्रीनशॉट काढतो आणि बटण दोन पिक्सेल खाली सरकलंय म्हणून बग टाकतो. तो बग आम्ही इमाने-इतबारे सोडवतोही.

माझं स्पष्ट मत असं की ही मेहनत चुकीच्या जागी चालली आहे. बटण फोनवर वेगळं दिसलं तर बिघडलं कुठे? अंगठ्याने दाबायचं बटण आणि माउसने दाबायचं बटण वेगळं असायलाच हवं. सारखं राहायला हवं ते आतलं. इथे भरलेलं नाव तिथे सापडलं पाहिजे. आणि नेमकं तेच स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

उदाहरण देतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर तपासायला मला बोलावलं होतं. (सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, मी फक्त पाहुणा.) तिथे एक सभासद होते, कुऱ्हाडे. आडनाव बदलून सांगतोय, पण त्यातला ऱ्ह खरा. ऑफिसातल्या क्लार्कने त्यांचं नाव इन्स्क्रिप्ट कीबोर्डवरून भरलेलं. पिग्मी एजंटने आपल्या फोनवर तेच नाव शोधलं. "सापडले नाही." एजंट बिचारा काय करणार, त्याने नवीन खातं उघडलं. पुढे वर्षभर रोजचे पन्नास रुपये नव्या खात्यात, जुनी ठेव जुन्या खात्यात. कुऱ्हाडे दुकानासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा साहेबांना एकच खातं दिसलं आणि रक्कम कमी पडते म्हणून अर्ज परत आला. तक्रार झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी लेखी कळवलं की दोन्ही स्क्रीनवर नाव सारखंच दिसतं, सबब बग नाही!

आता आतली गंमत. 'ऱ्ह'मधला तो आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग ह. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. युनिकोडवाले पहिला प्रकार वापरा म्हणतात, पण दुसराही चालतो आणि जुन्या मजकुरात तो भरपूर आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. पतसंस्थेतला कीबोर्ड पहिला प्रकार पाठवत होता आणि एजंटचा फोन दुसरा.

युनिकोडचं 'नॉर्मलायझेशन' वापरलं की सुटेल, असं पुस्तकी उत्तर लगेच येतं. नाही सुटत. नॉर्मलायझेशन एवढंच सांगतं की एकसंध ऱ आणि 'र अधिक नुक्ता' ही जोडी एकच. जोडचिन्हवाल्या प्रकाराशी त्याला देणंघेणं नाही. 'ॲ'चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ-वर चंद्र देत, किंवा हिंदी वळणाचा ऍ वापरत. म्हणजे एकाच 'ॲड.'ची निदान तीन रूपं वकीलसाहेबांच्या नावामागे फिरताहेत आणि नॉर्मलायझेशन त्यांची एकी करत नाही.

दुसरा हुशार उपाय म्हणजे न दिसणारी चिन्हं सरळ उडवून टाकायची. हाही मी पाहिलाय. त्याने आडवा रफार जाऊन डोक्यावरचा रफार येतो आणि 'आचाऱ्यांना बोलवा'चं 'आचार्यांना बोलवा' होतं. स्वयंपाक कोण करणार मग?

मोजण्याचा घोळ तर विचारूच नका. 'स्त्री' हा शब्द किती अक्षरांचा? शाळेतलं पोर सांगेल, एक. यूटीएफ-८ मध्ये तो १८ बाइट भरतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ६ चिन्हं. आणि 'माणसाला दिसणारी अक्षरं' मोजणाऱ्या लायब्ररी बरीच वर्षं ३ म्हणत होत्या, कारण जोडाक्षर हलंतापाशी तुटायचं. २०२३ साली युनिकोड १५.१ मध्ये नियम सुधारला आणि उत्तर १ झालं. म्हणजे जुन्या फोनवर ३ आणि नव्या फोनवर १, ॲप तेच! आता फॉर्मवर "नाव कमाल ३० अक्षरे" असं लिहा बघू. फोन एका पद्धतीने मोजतो, ब्राउझर दुसऱ्या आणि डेटाबेस तिसऱ्याच. फोनने हसत घेतलेलं नाव सर्व्हर शेपूट कापून ठेवतो.

हे सगळं इंग्रजीत टेस्ट करून कळत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू अक्षराने आयफोनवरची ॲप्स धडाधड बंद पडत होती. ॲपलला त्यासाठी खास अपडेट काढावं लागलं. ते अक्षर म्हणजे आपल्या 'ज्ञा'चं तेलुगू भावंड. तिथे ही गत, तर आमच्यासारख्यांचं काय!

"मग नावं इंग्रजीतच ठेवा ना," असं एक मित्र म्हणाला. अरे बाबा, रोमनमध्ये कुऱ्हाडे लिहायला दहा माणसं बसव, पाच स्पेलिंग मिळतील.

माझा उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणाही. माणसाने लिहिलेलं नाव जसंच्या तसं जपायचं, त्याला हात लावायचा नाही. शोधण्यासाठी त्याच्या शेजारी एक वेगळी किल्ली बनवायची, ज्यात ऱ्ह एकाच प्रकारचा, ॲ एकाच प्रकारचा. किल्ली बनवणारा कोड एकच, सगळ्यांनी तोच वापरायचा. मर्यादाही एकाच ठिकाणी मोजायची. अडचण येते ऑफलाइनला. एजंटच्या फोनला वाडीवर रेंज नसते, तेव्हा सर्व्हरला विचारायचं कसं? मग तोच कोड फोनमध्येही घालावा लागतो, आणि दोन्हीकडे तो तसाच चालतो की नाही हे तपासायला अवघड नावांची एक यादी लागते. नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक डिव्हाइसवर ती यादी चालवायची. निकाल एका नावालाही वेगळा आला तर रिलीज थांबवायचं. बटणं नंतर बघू.

अशी एक यादी मी जमवतोय. गोऱ्हे, वऱ्हाडे, ज्ञानेश्वर आणि बरेचसे वकील आधीच आत आहेत. तुमच्या गावाकडचं एखादं चमत्कारिक जोडाक्षराचं आडनाव असेल तर जरूर कळवा, आणि जमलं तर फोनवरून एकदा आणि कॉम्प्युटरवरून एकदा, असं दोनदा पाठवा.