उजेडाचा हिशेब

गोंदिया हें रेल्वेचें जंक्शन, भाताच्या गिरण्यांचें शहर आणि १ मे १९९९ पासून जिल्ह्याचें ठाणें. शहर वाढलें म्हणजे कष्टकऱ्यांच्या घरांचा प्रश्न दारीं येतोच. तो मुंबईनें कोठें सोडविला व कोठें बिघडविला, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रथम आढळला तो मांडवीच्या बाजारपेठेंत. लोक शहर सोडून पळाले, व्यापार बसला, तेव्हां सरकारास जाग आली आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीअखेर जन्मलेल्या या संस्थेनें बांधलेल्या इमारती म्हणजेच बी. आय. टी. चाळी. एका कुटुंबास एक खोली. नळ व संडास सामाईक. ही तुटपुंजी सोय होती हें निर्विवाद, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कुटुंबास परळच्या चाळींत दोन खोल्या घेऊन राहावें लागलें. परंतु ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं एक तत्त्व आग्रहानें मांडलें, तें साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचें. त्याचा सोपा अर्थ असा कीं, समोरची भिंत तीस फूट उंच असेल तर खिडकीपुढें निदान पंधरा फूट जागा मोकळी हवी. उजेड हा दानधर्म नसून मोजून द्यावयाचें माप आहे, हें त्यांतील मर्म होय.

चूक झाली ती निराळीच. ट्रस्टनें पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक भरल्या. बेघर झालेले गरीब शेजारच्या वस्त्यांत कोंबले गेले, आणि एका गल्लींतला अंधार दुसऱ्या गल्लींत गेला.

कोणी म्हणेल, जागा महाग. अंगणें सोडणें परवडत नाहीं. आम्ही विचारतों, धानाच्या थप्प्यांमध्यें वारा खेळावा म्हणून गोदामांत वाट सोडणें गिरणीवाल्यास परवडतें ना? पोत्यांस जें मिळतें तें तीं वाहणाऱ्या माणसांस नको काय?

नगरपरिषदेस आमची सूचना दोनच कलमांची आहे. कष्टकऱ्यांच्या इमारतीचा नकाशा पाहतांना खोल्यांची संख्या मोजण्यापूर्वीं खिडकीपुढील मोकळी जागा मोजावी; आणि नवी खोली उभी राहिल्यावांचून जुनी पाडूं नये. मांडवीच्या व्यापाऱ्यांस हा धडा प्लेगनें शिकविला. गोंदियाच्या व्यापाऱ्यांनीं तो संकटावांचून शिकावा, यांतच शहाणपण आहे.