पेट्रोलच्या पावतीवर बिऱ्हाड हलत नाही

घाटकोपर पूर्वेला ज्येष्ठ नागरिकांच्या एका सभेत महिन्यापूर्वी एका गुंतवणूक सल्लागारांचं व्याख्यान झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतला शहाणा माणूस निवृत्त झाला की न्यूयॉर्क सोडतो आणि फ्लोरिडात जाऊन राहतो, कारण फ्लोरिडा राज्य आयकर घेत नाही. तुम्ही मात्र महाराष्ट्राचे चढे कर भरत पंतनगरात बसून राहता. फ्लॅट विका आणि वलसाड किंवा गोवा गाठा. तिथे पेट्रोल स्वस्त, गाडीवरचा कर कमी, मुद्रांक शुल्क कमी. टाळ्या पडल्या. आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याने दुसऱ्याच आठवड्यात घर दाखवायला दलाल बोलावला. म्हणून हे लिहावं लागतंय.

फ्लोरिडाचा दाखला इथे लागूच पडत नाही. अमेरिकेत राज्यं आपापला आयकर लावतात. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न वगळता बाकी उत्पन्नावरचा कर घटनेच्या सातव्या अनुसूचीने केंद्राकडे दिला आहे. पेन्शन घाटकोपरच्या बँकेत जमा होवो की वलसाडच्या, आयकर तोच. सिक्कीममधली आयकर-सवलत तिथल्या मूळ रहिवाशांची आहे, घाटकोपरहून गेलेल्याची नाही. राज्याचा व्यवसाय कर घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांवर रोखला आहे आणि पेन्शनवर तो लागत नाही. जीएसटी देशभर एक. घरपट्टीचं म्हणाल तर मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ती २०२२ पासून माफ आहे, आणि पंतनगरातली किती जुनी घरं त्याहून मोठी आहेत? शिवाय ज्या न्यूयॉर्कची भीती घातली, ते राज्यही सरकारी पेन्शनवर आयकर घेत नाही. हे व्याख्यात्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी व्यासपीठावर चढू नये. ठाऊक असेल तर वयस्कर माणसांपासून लपवू नये.

उरलं पेट्रोल. ते मुंबईत महाग आहे, गुजरातपेक्षा लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी, आणि त्याचं कारण राज्याचा कर हेच आहे. हा मुद्दा मला मान्य आहे. पण मग हिशेब पुरा मांडा. निवृत्त माणसाची गाडी महिन्याला २० लिटर पेट्रोल पिते असं धरू. लिटरमागे १० रुपये वाचले तर महिन्याचे २००, वर्षाचे २,४००. हे वाचवण्यासाठी वलसाडला ५० लाखांचं घर घ्यायचं. गुजरातचं मुद्रांक शुल्क ४.९ टक्के म्हणजे २ लाख ४५ हजार, त्यावर एक टक्का नोंदणी म्हणजे ५० हजार. झाले २ लाख ९५ हजार. पेट्रोलमध्ये ते भरून यायला जवळपास १२३ वर्षं लागतात. घर पत्नीच्या नावावर घेतलं तर तिथे नोंदणी शुल्क माफ, मग १०२ वर्षं. दलाली, सामानाचा टेम्पो, बारा महिन्यांनंतर गाडी त्या राज्यात नोंदवून भरायचा तिथला कर, हे मी धरलेलंच नाही. व्याख्यात्यांनी फळ्यावर फक्त पेट्रोलचे दोन दर लिहिले होते. कमी मुद्रांक शुल्काचा लाभ ते सांगत होते, पण घाटकोपरच्या घराचं शुल्क त्या माणसाने तीस वर्षांपूर्वीच भरलंय. जागेवर राहणाऱ्याला ते शून्य आहे.

आणि करासाठी माणूस घर हलवतो की नाही, हे पाहायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? माझी सासुरवाडी सावंतवाडी तालुक्यातली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते आणि हद्दीपलीकडे पेट्रोल स्वस्त होतं. बांद्याची माणसं वर्षानुवर्षं स्कूटर घेऊन पलीकडे जातात, टाकी भरतात आणि जेवायला घरी परततात. घर तिथेच राहतं, कारण आगर तिथे आहे, देवस्थान तिथे आहे, भाऊबंद तिथे आहेत. माझे सासरे मुंबईत पस्तीस वर्षं नोकरी करून गावी परतले. त्यांना कुणी सांगितलं असतं की चार मैल पलीकडे पेडण्यात राहा, कर वाचेल, तर त्यांनी त्या माणसाला चहा देऊन वाटेला लावलं असतं.

त्या पट्ट्यातली माणसं गोव्यावर खरोखर अवलंबून आहेत ती बांबोळीच्या सरकारी इस्पितळासाठी. हृदयाचा झटका आला की सिंधुदुर्गातली गाडी तिकडेच धावते. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सिंधुदुर्गातल्याच दोडामार्गात मोठं आंदोलन उभं राहिलं. पेट्रोलवरच्या करासाठी तिथे असं कुणी उठलेलं मी पाहिलं नाही. म्हातारपणी माणसाला काय लागतं, ते दोडामार्गाने रस्त्यावर येऊन सांगितलं होतं.

असलाच वाद जकातीच्या वेळी मी घातला होता. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रक उभे राहतात म्हणून मुंबई महाग आणि म्हणून माणसं डोंबिवली-बदलापूरला जातात, असं तेव्हा ठासून सांगितलं जाई. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. डोंबिवलीहून कोण परत आलं? ती माणसं घराच्या किमतीमुळे गेली होती. किंमत आणि कर यांतला हा फरक आजच्या व्याख्यात्यांनाही कळलेला नाही. घाटकोपरचा फ्लॅट विकून वलसाडला घर घेतल्यावर जी रक्कम हातात उरते, ती जमिनीच्या भावातली तफावत आहे. ती बदलापूरलाही उरते, राज्य न सोडता.

मग राहायचं कुठे? जिथे पायी जाता येईल असा दवाखाना आहे, जिथे लेक संध्याकाळी डोकावू शकते, तिथे. आमच्याकडे राजावाडी इस्पितळ आहे. मुलगी अंधेरीला असेल तर २०१४ पासून मेट्रो आहे. पंचाहत्तरी उलटली की एसटी फुकट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. ज्येष्ठांच्या पैशासाठी कुणाला खरंच भांडायचं असेल तर मार्च २०२० पासून बंद पडलेली रेल्वेची तिकीट-सवलत परत मागा. ती वलसाडलाही मिळत नाही आणि मडगावलाही नाही.

त्या जोडप्यातल्या काकूंचा गुडघा दुखतो. आठवड्यातून दोनदा त्या राजावाडीला व्यायामासाठी जातात, वाटेत भाजी घेऊन येतात. वलसाडला त्यांच्या ओळखीचं एकही घर नाही. काकांनी अजून बयाणा घेतलेला नाही. मी रोज संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जातोय.