सुईणीसाठी उरलेले काम

सुईण बाळंतपण करते ते अनुभवाच्या बळावर, आणि बहुतेक बायका सुखरूप मोकळ्या होत असल्याने तो अनुभव बहुधा पुरतो. उरलेल्या थोड्याजणींना तो पुरत नाही. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही तर धडधाकट बाई दोन-तीन तासांत दगावू शकते. अशा वेळी ऑक्सिटोसिन, रक्त आणि प्रसंगी शस्त्रक्रियाच लागते. १९७०च्या दशकापासून दायांना स्वच्छ हात, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा हे शिकवले गेले. त्याने धनुर्वात टळतो, रक्तस्राव थांबत नाही. सिंधमधील लारकाना जिल्ह्यातल्या २००५च्या अभ्यासातही हाच भेद दिसतो. प्रशिक्षित दाया आरोग्यसेवेशी जोडल्यावर प्रसूतीच्या आगेमागे होणारे बालमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले; मातामृत्यूंत मात्र खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही.

म्हणून दवाखान्यातील बाळंतपणाचा आग्रह योग्यच होता. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली. देशात २००५-०६मध्ये ३८.७ टक्के असलेल्या संस्थात्मक प्रसूती २०१९-२१पर्यंत ८८.६ टक्क्यांवर गेल्या. महाराष्ट्रात त्या ९५ टक्क्यांच्या आसपास आहेत. या वाटचालीत सुईणीला मात्र बाजूला सारले गेले. तिची धान्य-लुगड्याची मिळकत गेली आणि प्रसूतिगृहाचे दारही तिला बंद झाले.

यात तोटा बाळंतिणीचा झाला. भामरागडकडची माडिया बोलणारी पहिलटकरीण अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेत, उताणी झोपून कळा देते, तेव्हा तिची कंबर दाबून देणारी, तिला उकिडवे बसू देणारी बाई बाहेर ओट्यावर ताटकळत असते. प्रसूतीत सतत कोणी सोबत असले की कळांचा काळ आणि सिझेरियनचे प्रमाण कमी होते, हे आता सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये दाईसाठी सोबतिणीची भूमिका सुचवली. सरकारी प्रसूतिगृहे सुधारण्याच्या आपल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीला जागा आहे. तिथे सुईणीला बसू देणे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात आहे. मात्र पोट दाबायचे नाही, हे तिला निक्षून सांगावे. पण तिची प्रत्येक रीत चुकीची नसते: वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची अनेक दायांची रीत पूर्वी अडाणीपणाची मानली जाई. आज किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस पाठ्यपुस्तकेच करतात.

सोबतीचा मोबदलाही द्यायला हवा. गावातील आशा कार्यकर्तीला प्रोत्साहनपर रक्कम मिळते. रात्री जीपमधून बाईला घेऊन येणाऱ्या सुईणीला काही मिळत नसेल तर ती पुढच्या वेळी का येईल?

सुईणीची खरी गरज बाळंतीण दवाखान्यातून घरी गेल्यावर आहे. आशाची गृहभेट तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असते. सुईण बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला रोज येते. रक्तस्रावाने कापडाची घडी तासाभरात भिजणे, स्रावाला घाण वास, अंगात कणकण, बाळाचे पाय गार पडणे, त्याने दूध ओढणे सोडणे ही लक्षणे तिला दाखवून शिकवावीत आणि उपकेंद्रातील परिचारिकेचा फोन क्रमांक तिच्याकडे असावा.