शोरूमच्या दारातील दुसरा नाका

दसऱ्याच्या सकाळी नागपुरात असो की धनत्रयोदशीला इंदुरात, वाहनांच्या शोरूमसमोरचे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. गाडीला झेंडूचा हार घातलेला, नारळ फोडण्याच्या तयारीत, घरातील वडीलधारी माणसे ठेवणीतले कपडे घालून उभी. नेमक्या त्या घटकेला विक्रेत्याचा माणूस शेवटचा कागद पुढे करतो आणि त्यावर ‘हँडलिंग चार्जेस’ या नावाखाली काही हजारांचा आकडा असतो. मुहूर्त टळू नये म्हणून गिऱ्हाईक सही करते. ही वेळ योगायोगाने साधली जाते असे मानावयाचे कारण नाही.

जाहिरातीत छापली जाते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत. या शब्दाचा अर्थच मुळी शोरूमच्या दारातील किंमत असा आहे. कारखान्यापासून तेथवरची वाहतूक, वस्तू व सेवा कर आणि डीलरचा नफा हे सारे तीत आलेले असते. तिच्यावर राज्य सरकारचा रस्ता कर, नोंदणी फी आणि विमा एवढेच न्याय्य खर्च उरतात. मग हे ‘हँडलिंग’ कशाचे? गोदामातून गाडी आणली, धुतली, तपासली, टाकीत थोडे पेट्रोल घातले, असे उत्तर मिळते. विकावयाची वस्तू विकण्याजोग्या स्थितीत ग्राहकासमोर ठेवणे यासाठीच तर नफ्यातील वाटा डीलरला मिळतो! कापडाच्या दुकानदाराने फडताळातून ठाण काढून दाखविल्याची मजुरी मागितली तर गावात त्याचे हसे होईल. मोटारीच्या व्यापारात मात्र तीच गोष्ट छापील पावतीच्या रुबाबात वावरते.

‘आरटीओ खर्च’ या ओळीची कथा अधिक उद्बोधक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या मोटारसायकलच्या नोंदणीची फी ३०० रुपये आणि खासगी मोटारीची ६०० रुपये आहे. गाडी कर्जाऊ घेतली असेल तर बँकेचा बोजा नोंदविण्याची फी वेगळी. २०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या ४१ व्या कलमात दुरुस्ती झाली आणि गाडीची नोंदणी त्याच राज्यात होणार असेल तर तिचा अर्ज डीलरनेच करावा असे ठरले. कायद्याने ज्याच्यावर जे काम सोपविले त्याच कामाची दलाली तो ग्राहकाकडून घेतो, आणि रस्ता कर, फी व दलाली हे तिन्ही एकाच गोल आकड्यात अशा खुबीने गुंफतो की त्यात सरकारचे किती आणि आपले किती हे कोणाला उमगू नये. शिव्या अर्थातच सरकारला पडतात.

विम्याचे निराळे सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा व दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे खरेदीच्या दिवशीच एक मोठी रक्कम डीलरच्या गल्ल्यासमोरून जाऊ लागली. विमा कोणाकडून घ्यावा याचे स्वातंत्र्य ग्राहकाचे आहे. तरीही ‘बाहेरून विमा आणलात तर सवलत मिळणार नाही’ हे वाक्य ऐकले नाही असा गिऱ्हाईक विरळा.

हा भार सर्वांवर सारखा पडतो असेही नाही. चाळीस लाखांची गाडी घेणारा चार-पाच हजारांकडे ढुंकून पाहात नाही, आणि त्याने नुसती भुवई उंचावली तरी ती रक्कम माफ होते. घरोघरी जेवणाचे डबे पोहोचविणारा तरुण किंवा साखर कारखान्यातला हंगामी कामगार दुचाकी घेतो ती कर्जावर. त्याच्या बाबतीत हे ‘चार्जेस’ बहुधा कर्जाच्याच रकमेत मिसळले जातात. ५ हजार रुपये तीन वर्षांसाठी सपाट १० टक्के दराने घेतले तर फेडताना ६ हजार ५०० होतात. जे देणेच मुळात लागत नव्हते त्यावर त्याने दीड हजार व्याज भरलेले असते.

जुन्या पिढीला या प्रकाराचा पूर्वज आठवत असेल. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि ज्याला घाई असेल तो ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर विकत घेई. हा सारा परवाना पद्धतीचा आणि टंचाईचा दोष आहे, बाजार मोकळा झाला की ‘ऑन’ आपोआप नाहीसा होईल, असे तेव्हा मोठमोठे अर्थपंडित सांगत. १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाला. आज टंचाई नाही. उलट न खपलेल्या गाड्या डीलरांच्या आवारात उभ्या असल्याच्या तक्रारी वारंवार येतात. ‘ऑन’ तेवढा नाव बदलून बिलात येऊन बसला आहे.

येथे डीलरलाच एकटा खलनायक ठरविणे सोपे, पण अपुरे ठरेल. तो कंपनीकडून गाड्या उचलतो त्या बहुधा बँकेच्या पैशावर; गाडी उभी राहील तितके दिवस व्याज चढते आणि कंपनीच्या विक्री-लक्ष्याचा बडगा डोक्यावर असतो. तो दाब तो खाली ढकलतो. शोरूममधील कोट घातलेल्या विक्री कर्मचाऱ्याचा पगार तुटपुंजा आणि कमिशन सीट-कव्हरे, चटया व विमा यांच्या खपावर अवलंबून, म्हणून तो समोरच्या आपल्याच तोलामोलाच्या माणसाशी घासाघीस करीत राहतो.

कंपन्या मात्र कानांवर हात ठेवतात. डीलर हा स्वतंत्र व्यापारी, त्याच्या आकारणीशी आमचा संबंध नाही, असा त्यांचा पवित्रा असतो. याबाबत ऑगस्ट २०२१ मधील एक निकाल मननीय आहे. डीलरांनी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सवलत देऊ नये यासाठी दडपण आणल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कोण अधिक सूट देतो हे हुडकण्यासाठी गिऱ्हाइकांच्या वेषात माणसे पाठविली जात होती, असे आयोगाने नमूद केले आहे. कंपनीने या आदेशाला अपिलात आव्हान दिले, हेही सांगावयास हवे. पण स्वस्त विकणारा डीलर ज्या उद्योगाला इतक्या बारकाईने शोधता येतो, त्याला जादा उकळणारा दिसत नाही, हे पटण्याजोगे नाही.

हा रोग केवळ भारताचा नाही. अमेरिकेत १९५८ साली सिनेटर मोनरोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटविणे सक्तीचे झाले. तरी आज तेथे ‘कागदपत्र शुल्क’ कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मर्यादित, तर फ्लोरिडात अमर्याद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने निरुपयोगी जादा आकारण्यांवर बंदी घालणारा नियम केला. साध्या हवेइतकाच नायट्रोजन असलेल्या टायरांचे वेगळे पैसे घेणे हे त्यातले एक उदाहरण! डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २७ जानेवारी २०२५ रोजी पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने पूर्वसूचनेच्या कार्यपद्धतीतील त्रुटीवर बोट ठेवून तो नियम रद्द केला. आकारण्या न्याय्य आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. ग्राहकाच्या खिशाला त्याने फरक पडला नाही.

आपल्याकडे मार्ग बंद नाही. एक वस्तू घेताना दुसरी घ्यावयास लावणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी व्यवहार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांच्या सक्तीच्या सेवाशुल्काविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. इडलीच्या बशीवरील जादा पैशांना जो न्याय, तो आयुष्यभराच्या पुंजीतून घेतलेल्या वाहनाला लावण्यास कायद्याची आडकाठी कोठे आहे? जाहिरातीतच सर्व खर्चांसह अंतिम किंमत छापण्याची सक्ती एका अधिसूचनेने होऊ शकते.

एकट्यादुकट्याने चार हजारांसाठी आयोगाच्या खेपा घालणे परवडत नाही, यावरच हा सारा धंदा उभा आहे. परंतु त्याच कायद्याचे ३५ वे कलम समान हित असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू देते. स्वतःच्या उपजीविकेसाठी रिक्षा घेणारा चालकही त्या कायद्याने ग्राहकच ठरतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. शहराशहरातील रिक्षाचालकांच्या व डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांच्या पावत्या गोळा करण्यास आजच प्रारंभ करावा. एकाच डीलरच्या शंभर पावत्या एका अर्जाला जोडल्या गेल्या, तर उत्तर कंपनीलाही द्यावे लागेल.