चक्रवाक काल्पनिक नाही

ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्गुरूला सूर्य कल्पून जे दीर्घ रूपक येते, त्यात चक्रवाकाची जोडी आहे. बुद्धी आणि बोध भेदाच्या नदीच्या दोन तीरांवरून विरहाने आक्रंदतात. ज्ञानसूर्य उगवताच त्यांचे मीलन होते. हा भाग शिकविल्यावर उत्तरपत्रिकांत आम्हाला दरवर्षी एक वाक्य भेटते : ‘चक्रवाक हा काव्यातील एक काल्पनिक पक्षी होय.’ वाक्य गाईडमधून उतरविलेले असते, त्याचे आम्हाला नवल नाही. खंत ही की, ते वर्धा जिल्ह्यात बसून लिहिले जाते.

हा पक्षी हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातील जलाशयांवर येतो. नारिंगी-तांबूस अंगाचे, फिकट डोक्याचे हे मोठे बदक लडाख, तिबेट, मध्य आशिया येथून उतरते. रब्बीला पाणी सोडल्यावर तलाव आकसतो, उघड्या पडलेल्या काठावर गाळपेरीची टरबुजे दिसू लागतात. याच सुमारास नराच्या गळ्यात एक बारीक काळी कंठी उमटते. ती विणीची खूण, आणि म्हणून निघण्याचीही. पळस फुललेला असतो, आणि कधीतरी मार्चमधल्या एका सकाळी काठ रिकामा असतो. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे पट्टकादंबही तेव्हाच उत्तरेकडे निघतात. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. संस्कृत काव्यपरंपरेने वसंत म्हणजे आगमन, असे आमच्या मनावर ठसविले. आमच्या तलावांवरचा वसंत मात्र निरोपाचा असतो.

यावर आक्षेप येईल, आणि आमच्या स्टाफरूममध्ये तो आलाही, की कविसंकेत हा संकेतच. त्याला पक्षिशास्त्राची साक्ष कशाला? अर्धे आम्हास मान्य आहे. ज्ञानदेवांची चूक काढण्यासाठी कोणी दुर्बीण घेऊन जाऊ नये. परंतु ही बदके रात्रीही चरतात आणि अंधारात एकमेकांना साद घालीत राहतात, हे कळले की संकेत फिका पडत नाही. उलट, कोणीतरी नदीकाठी ती साद ऐकून त्यात विरह ओळखला असावा, असे वाटू लागते. ‘काल्पनिक’ हा शब्द ती ऐकणाऱ्यालाच पुसून टाकतो.

मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले. ‘पक्षीकोश’ सिद्ध करणाऱ्या या वनाधिकाऱ्याने नवेगावबांधच्या परिसरातील माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली होती. आमच्या वर्गांतही तलावाकाठच्या ढीवर कुटुंबांतील मुले-मुली बसतात. त्यांच्या घरी या बदकाला काय म्हणतात, हे आम्ही इतक्या वर्षांत विचारलेच नव्हते! गेल्या वर्षी विचारले. एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “सर, हे परीक्षेत लिहिलं तर चालते का?”

सोळावा अध्याय आमच्याकडे मार्चअखेरीस, पक्षी गेल्यावर शिकविला जातो. यंदा तो आम्ही जानेवारीत घेणार आहोत, आणि पहिला तास तलावावर.