मसालेदार सेंट घेताना

लग्नसराई आली की आपली तरुण पोरे सेंटच्या दुकानात शिरतात आणि पहिल्याच वासाला दिवसाची मजुरी मोजून मोकळी होतात. आम्ही म्हणतो, जरा थांबा. अशा सेंटला आधी बहुधा लिंबा-संत्र्याचा वास येतो, तो लगेच उडतो. मग लवंग, दालचिनी, जायफळाची ऊब येते. शेवटी चंदन, देवदार, वाळा तासन् तास अंगाशी राहतात; शांत, पोक्त माणसासारखे. खरा सेंट तोच. म्हणून मनगटावर लावून तासाभराने हुंगा, मग पैसे काढा. अमेरिकेतले 'ओल्ड स्पाइस' १९३७ साली आधी बायकांसाठी निघाले, पुरुषांसाठी १९३८ साली! तेव्हा घरच्या बाईने बाटली उघडली तर रागावू नका. पाळीवरून आल्यावर मात्र घामावर फवारू नये, आधी आंघोळ करावी.